पोचा काढणे

तांबट लेनमध्ये पहिल्या मजल्यावर माझी शिकवणी,
खाली त्र्यंबकअण्णांचं दुकान.
दिवसभर ठोके.
मुलं म्हणतात, बाई, ऐकू येत नाही.
दोन ठोक्यांच्या मधे जेवढी जागा असते
तेवढ्यात मी दहावीचं गणित बसवते.

आज फळ्यावर लिहिलं:
दुप्पट करा, मग पाच मिळवा.
चाराचे झाले तेरा.
आता तेरावरून माघारी या.

ओवेसनं आधी निम्मे केले, मग पाच काढले,
आणि चारातून निघालेला पोरगा
दीडावर येऊन उभा राहिला,
भलत्याच घराची कडी वाजवावी तसा.

चला खाली, म्हटलं.

अण्णांच्या पुढ्यात तांब्याचं तपेलं,
कुशीला पोचा, कुणाच्या तरी हातून जिन्यावर सुटलेलं.
मार बाहेरून बसलाय,
अण्णा म्हणाले, तर जबाब आतून द्यायचा.
आणि लगेच नाही. आधी कल्हई उतरवायची.
का?
सगळ्यात शेवटी चढली होती, म्हणून.

ओवेसचे ओठ हलले:
आधी पाच. मग दोन.

बाकावर तपेल्याची मालकीण बसली होती.
काठावर टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव,
सौ.पासून आडनावापर्यंत.
तिनं ते नखानं दाखवलं, वाचलं नाही.
हेही निघेल?
अण्णांनी अंगठा फिरवला, एकदा, परत एकदा.
टिंबं बुजतील. पत्रा तिथं पातळ राहील.
राहू दे.

मला सांगायचं होतं की
फल आणि त्याचं व्यस्त फल
एकामागोमाग लावलं
की हाती जसाच्या तसा क्ष उरतो,
ना ओरखडा, ना पातळ जागा.
सांगितलं नाही.
ठोक्यांच्या मधे तेव्हा जागाच नव्हती.

संध्याकाळी मुलांना घेऊन गोदाघाटावर गेले.
धरणातून पाणी सोडलेलं,
दुतोंड्या मारुती कमरेइतका बुडालेला.
फुलवाला हार आवरता आवरता
मूर्तीकडे बघून सांगत होता, वर किती सोडलं असेल.
पाण्यावरून धरणाकडे,
उत्तरावरून प्रश्नाकडे,
न शिकता, न चुकता.
मी खूश. बघा, म्हटलं, हेच ते.

फिरदौस गप्प होती.
मग म्हणाली, बाई,
पाणी कमरेला सकाळी चढताना होतं,
आणि रात्री उतरतानाही असेल.
नुसता फोटो दाखवला
तर किती वाजले ते कसं सांगायचं?

नाही सांगता यायचं.
एकाच खुणेला दोन वेळा.
मग अर्धाच पूर घ्यायचा, बाळा,
फक्त चढता, नाहीतर फक्त उतरता,
आणि मग परतीची वाट सापडते.
हे बोलले, आणि त्या बाईची आठवण झाली:
तिनं कुठला अर्धा घेतला असेल.

शनिवारी ती तपेलं न्यायला आली.
काठ कोरा, पोट गोल.
अण्णा म्हणाले, आता काय कोरू?
ती म्हणाली, आधी वजन करा.
लग्नाच्या यादीत लिहिलं होतं, दोन किलो चारशे.

काटा हलला, थांबला.
तेवढंच भरलं,
नव्या कल्हईचा फरक सोडून.