पावती क्रमांक अठ्ठ्याऐंशी

खजिनदार मी झाले ते अक्षर बरं म्हणून.
हिशेब मला पोस्टात असतानाही जमत नव्हता,
दर महिन्याला स्वतःचे चौदा-पंधरा रुपये घालून
मी पेटी जुळवायचे.

आमची वाहिनी संध्याकाळी सातला सुरू होते,
बर्फाच्या कारखान्यामागच्या खोलीत.
मुनाफ एका हाताने कॅमेरा धरतो, दुसऱ्याने पंखा बंद करतो,
नाहीतर बातम्यांत पंखाच ऐकू येतो.
बातम्या म्हणजे: उद्या पाणी येणार नाही.
डॉक्टर बुधवारऐवजी गुरुवारी.
मोर्ज्यांची म्हैस हरवली आहे, डावं शिंग मोडकं.

पूर्वी सहाशे घरांत तार गेली होती.
मग छपरांवर थाळ्या आल्या, मग हातात मोबाइल.
तारेवर आता लोक टॉवेल वाळत घालतात.
उरली एकशे बारा घरं,
आणि विजेचं बिल मात्र सहाशे घरांचंच.

म्हणून पावतीपुस्तक काखेत मारून निघाले,
गाबीतवाडीच्या टोकापासून.

बाबल तांडेल पाचशेची नोट दोन बोटांत धरून बसलेला, सोडीना.
"बारा वर्सां झाली. ग्रामसभेत मी उबो रवलंय,
धक्क्याबद्दल बोलतंय,
तुमी माका मदीच कापलात नि भजन लावलात.
उरलेला दाखवतलात तर घे."
मुनाफने कॅसेट शोधली, बुरशी पुसली.
बारा वर्षांनी, एका रविवारी, बाबलचं वाक्य पूर्ण झालं:
"…तर तो धक्को दोन पावसात व्हावान जातलो."
तिसऱ्यात गेला होता.
तेवढाच फरक.

रिसॉर्टवाल्यांचा चेक आला, वर्षाचा खर्च निघेल एवढा.
सोबत चिठ्ठी: रोजचा फक्त अर्धा तास आमचा,
आणि ग्रामसभा दाखवायची की नाही ते आधी विचारा.
समिती रात्री साडेबारापर्यंत भांडली.
खरं सांगते, मी घ्या म्हणणाऱ्यांत होते.
नऊ विरुद्ध चार. चेक परत.
मला अजून वाटतं, घ्यायला हवा होता,
निदान न घरघरणारा पंखा तरी आला असता.

रापणकर कमी बोलले.
दोरी ओढणाऱ्या प्रत्येकाला जसा वाटा,
तसा एक वाटा वाहिनीला, शनिवारचा.
वाळूवर ढीग घालताना आता एक ढीग
कुणाच्याच पायाशी नसतो.

केसर गिरपकडे रोख नव्हती.
तिने पाटीतले सात बांगडे केळीच्या पानावर ठेवले
आणि म्हणाली, "लिही."
पावतीवर 'रुपये' छापलेलं. मी ते खोडलं नाही,
पुढे नीट अक्षरात लिहिलं: बांगडे, सात.
कुडाळच्या हिशेबतपासनीसाने
लाल शाईत विचारलं: पुरावा?
मी खाली निळ्यात लिहिलं: खाल्ला.

केसरकडे टीव्ही नाही.
हे मला पावती फाडून झाल्यावर आठवलं,
आणि विचारायची लाज वाटली.

साडेआठला कार्यक्रम संपतात.
दाखवायला काही नसतं, तेव्हा मुनाफ कॅमेरा
खिडकीत ठेवतो, खाडीच्या तोंडाकडे वळवून,
आणि घरी जेवायला जातो.
आवाज नाही. पडद्यावर काळोख,
खालच्या कोपऱ्यात वर्गणीसाठी माझा फोन नंबर.

परवा वारा सुटला.
रेशन दुकानातल्या टीव्हीसमोर चाळीसेक माणसं
तो काळोख बघत होती, केसर पायरीवर,
पदर दातांत.
दहा वाजून काही मिनिटांनी एक ठिपका हलला.
कुणीतरी म्हणालं, "आमचो न्हय."
तरी कुणी उठलं नाही.