अक्षरामागे नऊ डॉलर

अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये सभा. पत्र्याच्या खुर्च्या,
करपलेली कॉफी, आणि प्रश्न एकच :
स्मारकावर 'विजय' कोरायचा की नाही.

ऑर्विल टॅकेट म्हणाला, त्यांची राजधानी आपण
अकरा दिवसांत घेतली. याला दुसरं काय म्हणतात?
घेतली ना, ग्रेटा लिंडक्विस्ट म्हणाली,
मग ठेवलीय कुठे?

कुणी हसलं. कुणी खुर्ची करकरवली.
तिथल्या मुली शाळेत जातात आता, मागून कुणीतरी.
जात होत्या, दुसरं कुणीतरी.

मर्ना होल्कम उठलीच नाही.
बसल्या जागेवरून म्हणाली, माझा ड्वेन आलाय परत.
अंगणात ट्रकमध्ये झोपतो, दिवे चालू ठेवून.
विचारा की त्याला.
पण आत्ता नको.
आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा.

मी दाराशी उभा. मला फक्त शब्द हवा होता,
कुठलाही. अक्षरामागे नऊ डॉलर.
साडेदहाला विषय पुढच्या महिन्यावर गेला.

सात नावं कोरून झालीत.
खाली हातभर ग्रॅनाइट अजून कोरा.
पोरांनी तिथे खडूनं
कालच्या बेसबॉलचा स्कोअर मांडलाय.
पुसायला फडकं ओलं केलं,
मग राहू दिलं.