पसल

सातपूरच्या भाजीबाजारात पहिल्यांदा
मी बन्दा मागितला.
आमच्याकडे कोबीला बन्दा म्हणतात.
मावशीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं,
म्हणाली, बंदा रुपया टाक आधी बाई,
मग बोल.

अक्षरं तर माझ्याच गावची होती या शहरात,
एक ‘ल’ सोडला तर. त्याचं वळण निराळं.
बसवरच्या पाट्या मी घडाघडा वाचायचे,
द्वारका, मेरी, म्हसरूळ,
वाचायचे
आणि भलत्याच स्टॉपवर उतरायचे.

लोकेंद्र अकरा वर्षं पाथर्डी फाट्याच्या एका गेटवर.
सोसायटीच्या वहीत त्याचं नाव बहादूर.
त्याच्या आधीचाही बहादूर होता,
तो रजेवर गेला की बदली येणाराही बहादूरच.
पगाराच्या खान्यात सही मात्र तो स्वतःची करायचा,
लोकेंद्र, सावकाश, वळणदार,
जी कुणी वाचायचं नाही.

सहा घरची धुणीभांडी.
डब्यात आठ हजार चारशे साठले तेव्हा
भांडीबाजारात गेले. दुकानदाराने
सगळ्यात मोठं मोदकपात्र काढून दिलं,
गणपतीला अजून चार महिने आहेत, म्हणाला.
मी काही बोलले नाही.
मोमोला आणि मोदकाला सारख्याच कळ्या पाडतात
हे मला गायधनी काकूंच्या ओट्यावर कळलं होतं,
त्यांच्या मोदकांची तोंडं फाटत होती
आणि माझी ओली बोटं
न विचारता पुढे गेली होती.

गाडीवर नाव काय टाकू, पेंटरने विचारलं.
बहादूर मोमोज टाक, सुपरवायझर म्हणाला, लगेच ओळखतील.
लोकेंद्र शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिला.
मी म्हटलं, पवित्रा पसल.
ब्रश थांबला. मिसळ म्हणायचंय का?
पसल. प, स, ल. म्हणजे दुकान.
मग दुकानच लिहितो ना.
नाही, म्हटलं. पैसे माझे आहेत.

पहिल्या संध्याकाळी दोन प्लेट गेल्या.
ही पसल तिखट असते का हो, लोक विचारायचे,
तर्री वेगळी देता का?
एका गिऱ्हाइकाला मी दाइ म्हणाले, मोठा भाऊ म्हणून.
त्याचे मित्र रस्त्यात बसून हसले:
दाई! याला कुठलं जमतंय बाळंतपण!
मीही हसले. अर्थ रात्री खोलीवर विचारला.
चटणीतल्या टिमुरने एका पोराच्या जिभेला मुंग्या आल्या,
तो घाबरून दोन ग्लास पाणी प्यायला,
दुसऱ्या दिवशी चार जणांना घेऊन आला.

जानेवारीत अतिक्रमणची गाडी आली.
मोदकपात्र, शेगडी, पाटी, भिजवलेल्या मैद्याची परात,
सगळं ट्रकमध्ये.
दंडाच्या नोटा मी दोनदा मोजल्या.
याच शहरात छापल्या असतील,
माझ्या हातात यायला मात्र
कुठून कुठून फिरून आल्या होत्या.
पावतीवर साहेबाने लिहिलं,
पवित्रा लोकेंद्र खड्का.
ती पावती लोकेंद्रने घडी घालून
वरच्या खिशात ठेवली.
अजून तिथेच आहे. मी विचारलेलं नाही.

पाटी परत मिळाली तेव्हा ‘ल’ खरवडून गेला होता.
तो मी नेलपॉलिशने लिहिला,
आमच्या शाळेत गिरवून घेतला होता तसा.

आता थंडीत लोक वाफेजवळ हात धरून उभे राहतात,
मफलर, कानटोप्या, काय ही थंडी म्हणत.
मला हसू येतं, पण ते मी गिऱ्हाइकाला दाखवत नाही.
वहिनी, एक हाफ द्या, कुणी म्हणतं.
मला ते बहिनी ऐकू येतं. आमच्यात धाकटी बहीण.
मी कुणाची चूक दुरुस्त करत नाही.

काल गाडीच्या पलीकडे एक मुलगी
फोनवर ओरडत होती,
अगं कुठे काय, पसलवर आहे, ये लवकर.
मी खाली बघून पुढची कळी पाडली.
जरा जाड झाली.