दुसरी नळी

टेपचं एक टोक माझ्या हातात, दुसरं देल्फीनच्या.
उघडणाऱ्या खिडकीपासून चार फूट लांब,
आणि जमिनीपासून इतकं वर
की मार्चातल्या बर्फानंही तोंड बुजू नये.
पाकिटाच्या पाठीवर मी भिंत काढली,
भिंतीत एक गोल.

खालच्या स्टोव्हबद्दल तक्रार नाही.
भुशाच्या गोळ्यांची पोती तळघरात छातीइतकी रचलेली.
पण ऊब जिना चढून मागच्या खोलीत पोचत नाही,
आणि देल्फीन ऑक्टोबरपासून तिथं झोपते.
घोरण्यामुळे, असं ती सांगते.
मीही तेच सांगतो.

"खिडकी खिळे ठोकून बंद केली
तर नळी सरळ निघेल."
"नको."
एवढंच.
मग एक कोपर वाढलं,
राख काढायला खाली टोपण,
माझे दोन रविवार.

भिंत कापली तेव्हा आतून भुसा सांडला,
आणि बटाट्याचे भाव छापलेला
फ्रेंच वर्तमानपत्राचा तुकडा.
तिनं तो वाचला, घडी घालून खिशात ठेवला.

शनिवारी पेटवला. पंखा गुरगुरला,
ज्योत आधी मळकट, मग लख्ख.
मी बाहेर जाऊन पाहिलं:
धूर जेमतेम, पण नदीपलीकडच्या
कॅनडातूनही दिसेल असा.
ओनेझिम सिर यानं ट्रक हळू केला,
वर पाहिलं, हात हलवला.
दोन माणसं, दोन नळ्या.
गावाला हिशेब येतो.

आत आलो तर खिडकी चार बोटं उघडी.
"फारच ऊब झाली," देल्फीन म्हणाली.
मी पलंगाच्या कडेला बसलो.
राखेची बादली कुठं ठेवायची,
हे ठरवायला बराच वेळ लागला.