पेव

सिव्हिलच्या सात नंबर खोलीत
कल्लाप्पा विचारतो, "मॅडम, ते आत नेमकं करतंय काय?"
सत्तावीस वर्षं सांगलीच्या यार्डात हळदीची हमाली,
नखांत अजून पिवळं.

मी भिंतीवरचा तक्ता सोडून देते.
सौदा बघितलाय ना, रुमालाखालचा?
बोटं बोटांना धरतात, भाव कुणाला दिसत नाही.
विषाणूच्या अंगावरचं एक प्रथिन
तसंच पांढऱ्या पेशीचा हात धरतं,
आणि पेशी दार उघडते.

मग दुसरं, नेफ नावाचं, किरकोळ अंगाचं,
दारावरची पाटी उतरवून आत ओढतं.
गस्तवाले येतात,
पाटी नाही म्हणून पुढं जातात.

"म्हंजे घरातलाच फितूर."

हो. आणि काही प्रथिनं बाहेर सांडतात.
लागण न झालेल्या पेशीसुद्धा
त्यांच्या नुसत्या वाऱ्यानं मरतात.

तो गप्प.
"आमची अक्काताई," म्हणतो, "रिपोर्ट चांगला आलाय तिचा,
तरी वाळत चाललीय."

यावर माझ्याकडं काही नाही.

"गोळ्यांनी जातंय ना समदं?"
मोजता येणार नाही इतकं कमी होतं, खरं.
पण काही पेशी त्याला पोटात घेऊन
झोपून राहतात, कशा सांगू,

"हरिपुरातलं पेव," तो म्हणतो.
"तोंड लिंपलं की वर नुसती जमीन.
हळद खाली वर्षानुवर्षं तशीच.
उघडताना आधी कंदील सोडायचा,
विझला तर उतरायचं न्हाई."

डबी कानाशी धरून हलवतो, पिशवीत टाकतो.
"रोज रात्री नऊला लिंपायचं, म्हणा की."