नॉटपेड

उदगीरच्या बसस्थानकामागं माझं सेवा केंद्र:
एक प्रिंटर, दोन खुर्च्या,
आणि लाइट गेली की नुसती मी.
मोईनचाचा आले, चष्मा कपाळावर,
मोबाइल पुढं धरून म्हणाले,
"बँकेचा काय मेल आलाय बघ बरं, रईसा."

आज रात्री बारा वाजता खातं बंद.
खाली निळं बटण. दाबा.

मी मजकुराला लागले. चाचा नाही.
एकतीस वर्षं टपालाची छाटणी केलेला माणूस
आधी पत्ता वाचतो, तोही खालून वर,
पिनकोडाकडून नावाकडं.
"पाठवणाराचं नाव मोठं कर."
केलं.
बँकेच्या नावात जिथं एल हवा
तिथं एक आकडा उभा होता,
एलचे कपडे घालून.

"आणि घाई कुणाला व्हायलीय? मला का त्याला?"
मग हसले. "नॉटपेड आहे गं हे.
तिकीट लावलंच नाही त्यानं.
पैसे घेणाराकडून."

आधारची झेरॉक्स घेतली,
चार रुपये ठेवले, दोन-दोनची नाणी.

गेल्या साली याच खुर्चीत
पार्सल अडकलंय म्हणणारं बटण
मी दाबलं होतं.
अठरा हजार सातशे.
घरी अजून ते प्रिंटरच्या दुरुस्तीत गेलेत.

चाचा दारात थांबले.
"नॉटपेड सोडवून घेतलेला माणूस
कुणाला सांगायचा नाही कधी,"
एवढंच बोलले, माझ्याकडं न बघता,
आणि पायानं चप्पल शोधायला लागले.

"बसा चाचा," मी म्हणाले.
"चहा सांगते."