गरब्याच्या कव्हरात

शुक्रवारी बाजारात पंधरा रुपयांना
गरब्याची रेकॉर्ड म्हणून घेतली होती हेरंबनं.
कव्हरावर दिवे घेतलेल्या आठ बायका,
आत भलतंच.

सुई टेकवली तर आधी नुसती खरखर,
मग एक बेस, एकाच सुरावर अडून बसलेला,
जणू कुणी रिकाम्या टाकीवर पाना आपटतंय
आणि त्याला घरी जायचंच नाहीये.
मग तो मुलगा.
उधारी मागायला आल्यासारखा गात होता.

हेरंबची आई आतून म्हणाली,
ढोलवाला चुकतोय रे.
चुकतच होता. आम्ही तिघं
त्या चुकीच्या प्रेमात पडलो,
खुर्च्या नव्हत्या म्हणून टायरांवर बसून.

खारीवाव रोडवरचं शिर्के ऑटो,
रविवारी शटर अर्धं खाली.
नीपा म्हणाली, गॅरेज रॉक गॅरेजमध्ये नाही
तर काय दिवाणखान्यात ऐकणार?
ती फाइन आर्ट्सला, कोपरापर्यंत प्लास्टर.
शब्द तिनंच आणले, गॅरेज, पोस्ट-पंक,
आणि कुठलं गाणं कशात घालायचं याचं भांडणही.
ती म्हणे, गिटारला घाम आला असेल तर गॅरेज,
थंडी वाजत असेल तर पोस्ट-पंक.
हेरंब म्हणे, दोघांचाही क्लच गेलाय.
मी सहकारी बँकेत कॅशला, मला मोजता यायचं.
मी म्हणाले, दोन मिनिटं एकेचाळीस सेकंद,
आणि एकदाही समेवर येत नाहीत, नालायक.

सेव-उसळीची तर्री एकदा रेकॉर्डवर सांडली.
त्या दिवशी नीपा दोघांशी बोलली नाही.

लेबल कुणीतरी नखानं खरवडलेलं.
नाव नाही, गाव नाही,
म्हणून आम्ही त्यांना नंदेसरी म्हणायचो.
वारा फिरला की संध्याकाळी तिकडून येतो
तो वास होता त्या बेसला,
गोडसर, डोळ्यांत जाणारा, ओळखीचा.

आणि ती उडी.
दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं.
तो म्हणतो, मला हवा होता
खट्
थेट किंकाळी.
काय हवा होता ते रेघेत अडकलेलं.
हेरंबनं आर्मवर चार आण्याचं नाणं चिकटवलं.
चार आणे पुढे चलनातून गेले,
वजनातून गेले नाहीत,
तरी उडी राहिली.
मग आम्हीच भरायचो ती जागा, ओरडून.
पगार, म्हणे हेरंब.
पंखा, म्हणे नीपा, मे महिन्यात.
तिचा व्हिसा आला त्या रविवारी
ती गप्प बसली
आणि किंकाळी फार लवकर आली.
मी काय ओरडायचे ते इथे लिहीत नाही.

चोवीस वर्षांनी, या डिसेंबरात,
नीपाला विनिपेगमध्ये ते सापडले.
त्यांना नाव आहे. गाव आहे, पावसाळी, कुठलंसं.
ड्रमवाला शाळेत गणित शिकवायचा, आता निवृत्त.
तिनं फाइल पाठवली आणि फोनवर थांबली.
शिर्के ऑटोत आम्ही दोघं, स्पीकर डब्यावर ठेवून.
स्वच्छ. अंघोळ घालून आणल्यासारखं.
तिसरं गाणं आलं. हेरंबनं स्क्रू खाली ठेवला.
मला हवा होता एक कोट,
तो म्हणाला. शांतपणे.
एक कोट, बहिणीचा चालला असता.
मग किंकाळी.

हेरंबनं दोनदा मागे नेऊन ऐकलं.
कोट?
नवा पोरगा अल्ताफ प्लग घासत म्हणाला,
त्यां ठंडी हशे ने, शेठ.

फोनवर बराच वेळ काही नाही.
मग नीपा म्हणाली,
पहिल्या वर्षी माझ्याकडेही नव्हता.
तुम्हाला सांगितलं नव्हतं.

हेरंब उठला. त्या आठ बायकांच्या आडून
जुनी रेकॉर्ड काढली, बाहीनं पुसली,
फोन स्पीकरला टेकवून धरायला मला दिला.
खरखर. टाकी. पाना. उधारी.
मला हवा होता
खट्

अल्ताफ म्हणाला, सुई गेलीये, शेठ,
बदलून टाकू?